मॅडम, मले दिवाळखोर करून टाका

सिव्हिलची प्रॅक्टिस करते, पण नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायचाय म्हणून माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. चेक बाउन्स येतात, भाडेकरू येतात, वाटणीचे दावे तर विचारूच नका. त्यामुळे तो माणूस समोर बसला आणि म्हणाला "मॅडम, मले दिवाळखोर करून टाका, म्हणजे एकदाचं सगळं माफ", तेव्हा मी त्याला आधी चहा सांगितला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

त्याचं नागपुरात नंदनवनकडे फ्लेक्सचं दुकान. मशीन लोनवर घेतली आणि लॉकडाऊन लागला, लग्नं बंद, सभा बंद, वाढदिवसाचे बॅनर बंद, मग मशीनचा हप्ता भरायला पर्सनल लोन, ते भरायला क्रेडिट कार्ड, कार्ड भरायला मोबाइलवरचं ॲप अन् शेवटी गल्लीतला व्याजवाला, ज्याला कोरे चेक सही करून दिलेले. सोबत बायको आणि साळा होता. बायकोच्या मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात नोटिसा, अर्ध्याच्या वर तर फोडलेल्याच नाही. फोन टेबलावर पालथा ठेवलेला, तो सारखा थरथरत कडेकडे सरकायचा आणि ती न बघता एका बोटाने परत आत ढकलायची. साडेसात वाजून गेले होते. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण त्या फोनला ते कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता की नवीन कायदा आला, आता सामान्य माणूस पण दिवाळखोरी घेऊ शकतो. अर्धवट माहिती. 2016 चा तो दिवाळखोरी कायदा आहे, पण त्यातला व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. बाकीच्यांना अजून इंग्रजांच्या काळातलाच कायदा, मुंबईला 1909 चा आणि आपल्या नागपूरला 1920 चा, अर्ज जिल्हा कोर्टात. त्यात अर्जासाठी कमीत कमी कर्ज किती लागते तर 500 रुपये! तो पहिल्यांदा हसला. "मंग मी तर कधीचाच पास."

पास आहेस, पण पास झाल्यावर काय होते ते ऐक म्हटलं. कोर्टाने नादार ठरवलं की तुझी मालमत्ता तुझी राहत नाही, ती कोर्टाकडे नाहीतर रिसीव्हरकडे (कोर्टाने मालमत्ता सांभाळायला नेमलेला माणूस) जाते, राजपत्रात नाव छापून येते. बिनातारण कर्ज देणारे कोर्टाला विचारल्याशिवाय नवीन दावा लावू शकत नाहीत हे खरं, पण मशीन गहाण आहे तर तो फायनान्सवाला बाजूलाच राहतो, तो मशीन नेऊ शकतो. कोऱ्या चेकवरून 138 ची, म्हणजे चेक बाउन्सची, केस झाली तर ती फौजदारी, तिला नादारी आडवी येत नाही. जीएसटीची बाकी सरकारी देणं, ते शेवटी कोर्टाने कर्जातून सुटका केली तरी मानगुटीवरच. आणि सुटकाही आपोआप नाही, वेगळा अर्ज करावा लागतो, मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील तर आपल्या दोषाने हे झालं नाही हे कोर्टाला पटवावं लागते.

"अन् यायले जेल?" बायको पहिल्यांदा बोलली. नुसते पैसे नाहीत म्हणून नाही, 1980 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पैसे असून लबाडी केली तर गोष्ट वेगळी. ती ऐकत होती पण हात गळ्याशी गेलेला. मंगळसूत्र जप्त होत नाही, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण पण नाही, असं सांगितलं तेव्हा कुठे तिने हात खाली घेतला.

मग मालमत्तेची यादी करायला घेतली आणि खरी गंमत सुरू झाली. उमरेड रोडचा प्लॉट कोणाच्या नावावर? सगळे गप्प. मागच्या वर्षी कोणा शहाण्याने सांगितलं म्हणून बायकोला बक्षीसपत्र करून दिलेलं. बाई म्हणे "मी सही केली, कायच्यावर केली मले काय माहीत." असं फुकट दिलेलं, दोन वर्षांच्या आत अर्ज होऊन नादार ठरला तर रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. आणि परतफेड कोणाची केली हल्ली? तर मागच्याच महिन्यात साळ्याचे दोन लाख पूर्ण फेडले, तेही ॲपवरून उचलून! म्हणजे बाकी सगळे रांगेत उभे आणि साळा मागच्या दाराने वाटी घेऊन गेला. तीन महिन्यांच्या आत अर्ज झाला आणि मुद्दाम एकालाच झुकतं माप दिलं असं दिसलं तर तो व्यवहारही जातो. साळ्याचा चहा तसाच राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "मंग चार महिने थांबून जाऊ ना मॅडम, काय घाई आहे?"

मी काही बोलायच्या आधी बायकोने पिशवी टेबलावर उपडी केली. "थांबून थांबूनच हे झालं. फोडा जी एकेक."

फोडल्या. रात्री नऊपर्यंत बसलो. एका पाकिटात मशीनच्या लोनला जामीन राहिलेल्या मित्राच्या नावाची नोटीस पण होती, दुकानाच्या पत्त्यावर आलेली, याने त्याला दिलीच नव्हती. नादारी याची झाली तरी जामीनदार सुटत नाही, बँक त्याच्याच दारात जाणार. मी सांगितलं, अर्ज नंतर, आधी त्या माणसाला फोन कर. बाहेर जाऊन केला, काय बोलणं झालं मी विचारलं नाही.

माझं मत विचाराल तर नादारी वाईट नाही, पण लपवून करायची गोष्ट नाही ती. प्लॉट उघड दाखवायचा असेल तरच मी वकीलपत्र घेते म्हटलं. बँकांशी तडजोड पण सांगून पाहिली, क्रेडिट रेकॉर्डवर मग 'सेटल्ड' लागते, पुढे लोन मिळायला जड जाते, पण इथे तर एकरकमी द्यायलाच काही नव्हतं. व्याजवाल्याकडे लायसन नाही निघालं, त्याची तक्रार 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे केली. आणि हो, नादार माणसाने सुटका व्हायच्या आधी आपण नादार आहो हे न सांगता 50 रुपये किंवा जास्त उधार घेतले तरी गुन्हा, सहा महिने शिक्षा होऊ शकते. म्हणून पानठेल्यावरचं खातं आधी बंद करायला लावलं.

अर्ज तीन महिने उलटायच्या आत गेला, प्लॉट आणि साळ्याचे दोन लाख दोन्ही त्यात लिहून. एका बँकेने हरकत घेतलीय, तारखा सुरू आहेत. प्रत्येक तारखेला बायको येते, फाइल तीच सांभाळते आता. साळा काही येत नाही, पण तारखेच्या आदल्या दिवशी त्याचा फोन न चुकता येतो, ते दोन लाख खरंच परत द्यावे लागतील का विचारायला.