७० ला आणली की फोकस जायचा

लेन्स टाकाऊ आहे हे ठरवायला मला एरवी दहा मिनिटं लागतात. या वेळी तेवढीही लागली नाहीत, आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

लेन्स व्हिविटार सिरीज वन, ७०-२१० मिमी झूम (फोकल लेंग्थ ७० ला रुंद दृश्य, २१० ला लांबचं जवळ), एफ ३.५ (भिंगाच्या छिद्राचं माप), पहिली आवृत्ती, निकॉन माउंटची, म्हणजे निकॉनच्या कॅमेऱ्याला बसणारी. व्हिविटार स्वतः लेन्स बनवत नसे, दुसऱ्यांकडून बनवून घेई. अनुक्रमांक २२ ने सुरू झाला की ती किनो प्रिसिजनची. माझी २२ची. अशा जडशीळ, हातानं फोकस करायच्या लेन्स आता कुणाला नको असतात, म्हणून स्वस्तात मिळाली. एकच रिंग: फिरवली की फोकस, पुढेमागे सरकवली की झूम. वयानं ती सैल झालेली, लेन्स खाली झुकवली की आपसूक घसरते. मी नळकांड्यावर रुंद रबरबँड चढवला, ती थांबली.

नाटकाची रंगीत तालीम होती. मुख्य काम नेहमीच्या बॉडीवर, ही दुसऱ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) सोनी बॉडीवर, अडॅप्टर, म्हणजे जोडणारी कडी, लावून. जुन्या झूमवर फोकस करायची रीत ठरलेली: २१० ला जायचं, नटाच्या डोळ्यावर मॅग्निफाय करून फोकस लावायचा, मग ७० ला येऊन चौकट बांधायची. खऱ्या झूममध्ये फोकस जागचा हलत नाही, सगळी गंमत त्यातच आहे.

दोन फेऱ्यांच्या मध्ये फ्रेम पाहिल्या. २१० च्या सुरेख. ७० ची एकही धड नाही. दुसऱ्या अंकात म्हातारा कंदील उचलून मागे वळतो, तो क्षण पहिल्या फेरीत मी ७० वर घेतला होता. कंदिलाची काच सॉफ्ट (धूसर), चेहरा सॉफ्ट, आणि चार फूट मागची विंग मात्र कडक. दिग्दर्शकानं तो प्रवेश पुन्हा काही घेतला नाही.

"दादा, स्टॅबिलायझेशनला किती मिमी सांगितलंयत?" माझ्या सहाय्यकानं विचारलं. हात हलला तर बॉडी सेन्सर हलवून तो भरून काढते, ते स्टॅबिलायझेशन. प्रश्न रास्त होता. जुनी लेन्स बॉडीला काहीच कळवत नाही, आकडा हातानं भरावा लागतो, आणि २१० भरून ७० वर काढलं तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो. पण शटर १/५०० होतं आणि विंग कडक आली होती. हलल्याचा दोष असता तर विंगही सुटली नसती. मी म्हटलं, "लेन्सच गेलीय." वीस वर्षांच्या अनुभवाचा माज.

रात्री सहज ७० लाच फोकस लावून पाहिला. लख्ख! मग २१० ला गेलो तर तिथं गेलेला.

म्हणजे लेन्स दोन्हीकडे धड होती, शंका अडॅप्टरच्या जाडीवर. मग कॅलिपर काढला. निकॉनच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, माझ्या सोनी बॉडीचं १८. म्हणजे अडॅप्टर २८.५ मिमी हवा. चार जागी मोजला, कुठेही २८.३ च्या वर जाईना. 'इन्फिनिटी फोकसची हमी' (अगदी दूरचंही फोकस होईल) अशी जाहिरात करणारे बरेच अडॅप्टर मुद्दाम आखूड कापलेले असतात. इन्फिनिटी हुकली तर गिऱ्हाईक बोंबलतं, ओलांडली तर कुणाला पत्ता लागत नाही. एका फोकल लेंग्थच्या लेन्सवर सहसा काही बिघडत नाही, रिंग थोडी जास्त फिरते इतकंच. झूमचं तसं नाही. पुढच्या भिंगानं केलेली दुरुस्ती फोकल लेंग्थच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २१० ला ०.२ मिमीची चूक भरून काढणारं रिंगचं वळण ७० ला त्याच्या नवव्या हिश्श्याइतकंच काम करतं. उरलेली चूक एफ ३.५ ला सेन्सरवर ०.०५ मिमीचा डाग पाडते. पिक्सेल मोजायचीही गरज नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतं.

अडॅप्टरचे चार स्क्रू काढले, कडीखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ टेपच्या पट्ट्या भरल्या. तिसऱ्या खेपेला जमलं. २१० ला भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख फोकस केली, ७० ला आलो, तारीख तिथंच. उगाच वीस वेळा पुढेमागे केलं.

सहाय्यकाला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या दोन?"

त्या दोन म्हणजे याच अडॅप्टरवर तपासून, 'वाइडला (रुंद टोकाला) सॉफ्ट' असा शेरा मारून मी परत केलेल्या झूम. एकीच्या मालकानं तर माझ्या शब्दावर ती सुट्या भागांसाठी मोडूनही टाकली.