सहासष्टची मस्टँग: कनेक्टर लागले, दार एकदा अडकलं

दोन्ही बाजूंचे सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे गाडीच्या पुढच्या आणि मागच्या फ्रेम रेलना जोडणारे पाइप, लागले आणि गाडी परत स्वतःच्या चाकांवर उभी आहे. मधे चालकाचं दार अडकून बसलं आणि आठ दिवस फुकट गेले. चूक माझीच होती, ती पुढे सांगतो.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, हार्डटॉप कूपे, म्हणजे पक्क्या छपराची दोन दारांची. नंबराची सुरुवात ६एफ०७सी: सहा म्हणजे सहासष्ट, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे दोन बॅरल कार्बुरेटरचं २८९ घनइंची व्ही-८, कागदावर २०० अश्वशक्ती. जिथे बनली तो कारखाना (२००४ मध्ये बंद झाला) माझ्या गॅरेजपासून पाऊण तासावर होता. म्हणजे या गाडीबाईंनी सगळं आयुष्य मिशिगनच्या हिवाळ्यातलं मीठ खाण्यात काढलंय. आता कुणी म्हणेल ही मसल कार (दणकट इंजिनाची मोठी गाडी) नव्हेच, ही पोनी कार (लहान, स्पोर्टी). मान्य. वाद घालायचा तर चहा घेऊन या.

मुळात या गाडीला वेगळी चॅसी नाही. खाली १९६० च्या फाल्कनचा सांगाडा आहे, आणि फाल्कन ही सहा सिलिंडरची साधी घरगुती गाडी. पुढच्या दोन फ्रेम रेल येतात आणि पुढच्या सीटखाली संपतात. मागच्या दोन रेल मागच्या सीटखाली सुरू होतात. मधल्या भागात तळाचा जेमतेम एक मिलीमीटरचा पत्रा, ट्रान्समिशनचा बोगदा आणि दोन्ही कडांचे रॉकर, म्हणजे दारांखालच्या लांब पोकळ पेट्या, बस्स. कूपेला छप्पर असल्यामुळे बरंचसं निभावतं. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन बघा. झाकण काढून विरुद्ध कोपरे पिळले की लगेच वाकडा होतो. झाकण लावून चारी कडांना चिकटपट्टी मारा, मग पिळा. फोर्डलाही हे माहीत होतं, म्हणून कन्व्हर्टिबलचे (छप्पर उघडणाऱ्या गाडीचे) आतले रॉकर जाड पत्र्याचे केले आणि दोन्ही बाजूंना टॉर्क बॉक्स दिले. टॉर्क बॉक्स म्हणजे पुढच्या रेलला रॉकरशी बांधणारी बंद पेटी. माझ्या कूपेला तो फक्त डावीकडे आहे, आणि तोही सापडला तेव्हा निम्मा गंजच होता.

काम सुरू करायच्या आधी मोजमाप घेतलं. हे फार कमी जण करतात, आणि मग ‘गाडी एकदम घट्ट झाली’ असं छातीठोकपणे सांगत फिरतात. माझी पद्धत अगदी ढोबळ आहे. पुढच्या चाकाच्या मागे फ्रेम रेलखाली जॅक लावायचा, चाकाखालून कागद सरकेल इतकंच उचलायचं आणि दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातली फट बघायची. मोजायला ड्रिल बिटांचे दांडे. पाचचा जातो का, साडेचारचा जातो का, असं. गाडी जमिनीवर असताना पाचचा दांडा अलगद जायचा. जॅक लावला की तीनचा. म्हणजे नुसतं एक चाक उचलल्यावर गाडी दारापाशी दोन मिलीमीटर मिटत होती.

मग कनेक्टर मागवण्याआधी तळाखाली झोपून सगळं खरवडलं. डांबरी लेप, त्याखाली कुणीतरी कधीकाळी चोपडलेलं फायबरग्लास, आणि त्याखाली डाव्या मागच्या रेलचं पुढचं टोक. ज्या ठिकाणी लीफ स्प्रिंगचा पुढचा डोळा, म्हणजे बोल्टचं भोक, बसतो, तेच. इंजिनाची त्या बाजूची सगळी ढकल चाकातून अॅक्सलला, अॅक्सलकडून स्प्रिंगला आणि स्प्रिंगच्या त्या एका बोल्टातून गाडीला मिळते. तिथे स्क्रूड्रायव्हर दाबला तर दांड्यापर्यंत आत गेला. भिजलेल्या पापडात बोट घालावं तसा. त्या टोकाला जर मी नवाकोरा तीन मिलीमीटर जाडीचा कनेक्टर जोडला असता, तर मजबूत पाइपचं एक टोक हवेत आणि वर रंग छान, अशी गत झाली असती.

म्हणून सगळा जून महिना त्या कोपऱ्यात आणि डाव्या टॉर्क बॉक्समध्ये गेला. कारखान्याचे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे जोड) शोधून एकेक पोखरायचा, जुना पत्रा सोलून काढायचा, नवा बसवायचा, जिथे स्पॉट होता तिथे भोक पाडून ते वेल्डने भरायचं. कंटाळवाणं काम आहे, फोटो काढण्यासारखं तर मुळीच नाही. पण त्यानंतर परत जॅक लावला तर फटीत चारचा दांडा गेला. एकही जादा भाग न लावता निम्मी हालचाल गेली होती. ज्यांच्या डोक्यात कॅटलॉगमधली चकचकीत यादी आहे त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे: लोखंड कमी नव्हतं, ते एकमेकांना धरून नव्हतं.

आता कनेक्टर. दोन इंच बाय दोन इंच चौकोनी पाइप, दोन्ही टोकांना रेलला तीन बाजूंनी कवटाळणारे पत्रे, आणि मधे रॉकरपर्यंत जाणाऱ्या दोन-दोन आडव्या पट्ट्या. या पट्ट्या बऱ्याच तयार किटमध्ये नसतात. दोन सरळ पाइप गाडीला मधे वाकण्यापासून वाचवतात, पिळण्यापासून तितकं नाही. पीळ रोखायचा तर त्यांना तळाच्या पत्र्याला आणि रॉकरला बांधून बंद पेट्या तयार झाल्या पाहिजेत.

वेल्डिंग करताना गाडीचं वजन चाकांवरच हवं. दोन टोकांना जॅकस्टँड लावून उभी केली तर गाडी जशी झुकलेली असेल तशीच कायमची गोठते. माझ्याकडे चार खांबांची लिफ्ट नाही. फळ्या आडव्या-उभ्या रचून, स्क्रू मारून चार लाकडी चौथरे केले आणि चाकं त्यावर चढवली. पेट्रोलची टाकी काढावीच लागते, कारण या मॉडेलमध्ये टाकीची वरची बाजू हाच डिकीचा तळ. तिचं वजन भरून काढायला डिकीत आडव्या फळीवर वाळूची दोन पोती ठेवली. इथे हिवाळ्यात पिकअप घसरू नये म्हणून मागे टाकतात ती लांबुळकी पोती, प्रत्येकी ६० पौंड. बॅटरी काढली, सीट आणि गालिचे बाहेर.

आग बघायला बाबा. ते दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले, बॉडी विभागातून, आणि उन्हाळ्याला इथे आले आहेत. मी खाली मिग वेल्डर घेऊन आणि ते आत, मागच्या सीटच्या जागी मोढ्यावर, हातात पाण्याची फवारणीची बाटली. डांबरी लेप जिथे राहिला होता तिथे तो धुमसायचाच.

“थांब थांब, धूर येतोय.”

“किती येतोय, बाबा?”

“किती काय विचारतोस? तू आधी थांब.”

एकदा बाहेर येऊन त्यांनी माझा वेल्ड निरखून बघितला आणि म्हणाले, “आम्ही बशीला रिव्हेट मारायचो. ढिला झाला की काढून दुसरा मारता येतो.” ही स्तुती नव्हती, हे मला कळलं.

आणि दोनच दिवसांत तो टोमणा खरा ठरला. डाव्या बाजूला सगळं टॅक केलं, म्हणजे छोट्या टाक्यांनी तात्पुरतं धरलं, फटी तपासल्या, झकास. मग हात बसला म्हणून हुरूप आला आणि रॉकरच्या बाजूला सलग फूटभर वेल्ड एका दमात ओढला. दिसायला इतका सुंदर की मी फोटो काढला. रात्री जेवून परत आलो तर दार लागेना. थंड होताना वेल्ड आकसतो आणि आपल्याबरोबर पत्रा ओढतो. गाडीची खालची कड आखडली, मधला भाग किंचित वर आला आणि दाराचा खालचा मागचा कोपरा रॉकरच्या वरच्या काठाजवळ घासायला लागला. ठोकून दुरुस्त होईल का, बिजागरी सरकवू का, असे सगळे पळपुटे विचार करून झाले. शेवटी पातळ चकतीने तो सुंदर वेल्ड कापला. कापताना शेवटच्या दोन सेंटिमीटरला ‘टक्’ असा आवाज आला आणि फट उघडली. म्हणजे सांगाड्यात तितका ताण कोंडला होता.

दुसऱ्यांदा एकेक इंचाचे टाके: डावीकडे पुढे एक, उजवीकडे मागे एक, मग हाताने चाचपून गार झालं की पुढचा. झोत नेहमी जाड पाइपवर धरायचा आणि वितळलेलं लोखंड पातळ पत्र्यावर नुसतं सांडू द्यायचं, नाहीतर तळाला भोक पडतं. माझी चार पडली. टाक्यांमधल्या मोकळ्या जागी नंतर सीलर भरला.

पुढच्या भागाचं थोडक्यात. या गाडीत स्प्रिंग चाक धरणाऱ्या वरच्या आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक शॉक टॉवरला, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या उभ्या पत्र्याच्या खांबाला, ढकलतं. साठ वर्षांत टॉवर एकमेकांकडे झुकतात. मोंटे कार्लो बार, म्हणजे दोन टॉवरमधली सरळ दांडी, लावायला गेलो तर ती सहा मिलीमीटर लांब. दांडी कापू नका, ती खरं बोलतेय. पुढचा भाग उचलून चाकांवरचं वजन काढलं, टॉवरपासून फायरवॉलपर्यंतचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंतचे) जुने दोन ब्रेस, म्हणजे टेकू, ढिले केले आणि उलट-सुलट आट्यांच्या टर्नबकलने थोडं थोडं रेटून जागा केली. जुन्या दोन तुकड्यांच्या जागी एकसंध एक्स्पोर्ट ब्रेस बसवला. परदेशी जाणाऱ्या गाड्यांना फोर्ड हाच लावायची. (जर्मनीत मस्टँग हे नाव क्रुप कंपनीकडे होतं, म्हणून तिथे या गाड्या टी-५ नावाने विकल्या गेल्या.) शेल्बी कंपनीने मस्टँगवरून बनवलेल्या १९६५ च्या जीटी३५० ला ब्रेस आणि बार दोन्ही दिले होते.

परवा परत जॅक लावला. साडेचारचा दांडा गेला. म्हणजे कनेक्टर, ब्रेस आणि बार या सगळ्यांनी मिळून अर्धा मिलीमीटर. गंजलेल्या कोपऱ्याने एकट्याने एक दिला होता. रस्त्यावर मात्र फरक कळतो. रेल्वे फाटकावर डॅशबोर्ड थरथरायचा तो शांत आहे. त्यामुळे मागच्या काचेच्या रबराचं कुरकुरणं आता ऐकू येतं, आधी ते बाकीच्या गोंगाटात लपलं होतं. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझपर्यंत, म्हणजे जुन्या गाड्यांच्या इथल्या मेळ्यापर्यंत, तेवढं सोसेन.

उजवीकडचा टॉर्क बॉक्स राहिला आहे. पत्रा कापून, घडी घालून तयार आहे. पुढच्या शनिवारीच लावायचा आहे, कारण रविवारी बाबांचं विमान आहे.