“बेरे औषध?” “इल्ल री.”

आक्का उपचारासाठी खानापूरकडच्या गावाहून आमच्याकडं बेळगावातल्या शहापूरला राहायला आली होती. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, आता कॅपेसिटाबिन ह्या केमोच्या गोळ्या. 14 दिवस घ्यायच्या, 7 दिवस सुट्टी, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. तिला नुसतं बसवत नाही. दुसऱ्या फेरीत एकदा भाकऱ्या थापायला बसली आणि दुसऱ्याच भाकरीला परात सारून हात गार पाण्याच्या तांब्यात घातला. “आग आग होतंय गं.” तळहात लालबुंद, पेरांवर भेगा, अंगठ्याखालची कातडी कांद्यासारखी सुटलेली. तोंड आलेलं, जुलाब वेगळेच.

ह्या गोळ्यांनी हातपाय सोलतात हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. त्यामुळं सोसायचं, एवढंच कळत होतं.

दर खेपेला नर्सबाई कानडीत विचारायच्या, “बेरे औषध एनार तगोतीरेनु?” म्हणजे दुसरं काही औषध घेता काय? आणि आम्ही दोघी एका सुरात, “इल्ल री.” नाही हो. खोटं बोलत नव्हतो. भाच्यानं मिरजेहून आणलेल्या ताकदीच्या कॅप्सूल, शेजारच्या वहिनींनी दिलेली गव्हांकुराची पावडर, अंगणातल्या लिंबावरच्या गुळवेलीचा काढा... ह्याला औषध कोण म्हणतं? औषध म्हणजे डॉक्टर चिठ्ठीवर लिहितो ते.

त्या खेपेला एका तरुण डॉक्टरनं प्रश्न फिरवला. “अशक्तपणा वाटतो, मग ताकदीला काय घेता?” आक्कानं कौतुकानं पिशवीतनं कॅप्सूलची बाटली काढली. त्यानं ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. फॉलिक अॅसिड.

कॅपेसिटाबिनचं शरीरात 5-एफयू हे केमोचं औषध होतं. पेशीला नवा डीएनए करायला लागणारं एक एन्झाइम ते अडवून धरतं. शरीरात फोलेट, म्हणजे कॅप्सूलमधल्या फॉलिक अॅसिडच्या जातीचं जीवनसत्त्व, जास्त असलं की ही पकड आणखी घट्ट बसते. औषधाचा जोर वाढतो, पण तो गाठीपुरता राहत नाही. तोंड, आतडं, तळहात, सगळीकडं लागतो. काही उपचारांत डॉक्टर स्वतःच 5-एफयूबरोबर फोलेटचाच एक प्रकार, फोलिनिक अॅसिड देतात, पण ते मोजून, आणि 5-एफयूचा डोस ते धरूनच ठरवलेला असतो. आम्ही ती कॅप्सूल रोज सकाळी दुधाबरोबर देत होतो.

“सगळं ह्यानंच झालं असं नाही,” तो म्हणाला. पण कॅप्सूल बंद, गोळ्यांना आठवडाभर विश्रांती. नंतरच्या फेऱ्यांत हात इतके बिघडले नाहीत. कशाकशानं, ते छातीठोक सांगता येणार नाही.

गुळवेलीचं ऐकून मी जरा भांडलेच. आमच्या आज्जीपासूनचा काढा तो! पण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं. वाद असेल तर असू दे, आक्काची गोळी मात्र लिव्हरमधनंच पुढं जाते. काढा बंद केला. वेल अजून आहे, तोडायला हात होत नाही.

हळदीचंही विचारून घेतलं, कारण गल्लीतल्या एक काकी ब्रेस्ट कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन ह्या गोळीवर आहेत आणि हळदीच्या कॅप्सूल खातात. आमटीतल्या चिमूटभर हळदीला कुणी ना म्हणत नाही. कॅप्सूलमध्ये मात्र नुसता अर्क, वर तो अंगी लागावा म्हणून मिरीचं पायपरिन. नेदरलँड्समध्ये 16 बायकांवर पाहिलं, तर ह्या जोडीनं टॅमॉक्सिफेनपासून होणारं एंडॉक्सिफेन रक्तात सुमारे 12 टक्क्यांनी उतरलं. गोळीचं खरं काम करणारं तेच. काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हळद पण वाईट झाली काय आता!” पुढच्या तपासणीला बाटली घेऊन जाते म्हणाल्यात, बघू.

भाच्याला फोन केला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. बिचाऱ्यानं पगारातनं आणली होती. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी केळी आण.

आता एक कापडी पिशवी केलीय. डबी, पुडी, बाटली, सगळं तीत. परवा नर्सबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, तर आक्कानं पिशवी टेबलावर ठेवली आणि त्यांनाच म्हणाली, “कुंदरी, हेळतीनी.” बसा, सांगते.