तुम्ही विचारलेत म्हणून: दुःखाचे गाणे इतके प्रसन्न कसे?

मित्रमंडळींना जुनी अमेरिकी गाणी ऐकवायला बसलो की ‘मिरॅकल्स’ या गायकवृंदाचे ‘द ट्रॅक्स ऑफ माय टिअर्स’ संपताच एक प्रश्न हमखास येतो: प्रेमभंगाचे गाणे म्हणता, मग ते इतके प्रसन्न कसे वाटते?

गाण्यातला माणूस चारचौघांत विनोद करतो, दुसऱ्या मुलीबरोबर हिंडतो आणि आतून पार कोलमडलेला असतो. तेव्हा प्रसन्न चाल हा त्याचा मुखवटा, असे उत्तर चटकन देता येते. मला ते अपुरे वाटते, कारण ध्रुवपदात हाच माणूस सोडून गेलेल्या तिला विनवतो की माझा चेहरा जवळून पाहा, हसू कसे उपरे दिसते ते कळेल आणि अश्रूंच्या वाटाही सापडतील. लपवणाऱ्यालाच कुणीतरी ओळखावे असे वाटत असते, आणि माझ्या मते गाण्याचा सारा जीव या विनवणीत आहे.

हे गाणे 1965 मध्ये डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ या ध्वनिमुद्रिका कंपनीने काढले. मार्व्ह टार्प्लिन यांनी गिटारवर सुरावट रचली आणि मुख्य गायक स्मोकी रॉबिन्सन व साथीदार पीट मूर यांच्या साथीने तिचे गाणे झाले. सुरुवातीला तीच गिटार ऐकू येते, मग साथीदारांचे शब्दाविना गुणगुणणे आणि त्यानंतर रॉबिन्सन यांचा उंच, मऊ आवाज. मधल्या अंतऱ्यात तर कमालच आहे: साथीदार फक्त ‘बाहेर’ एवढेच म्हणतात आणि मुख्य गायक आपण सोंग वठवत असल्याचे सांगतो, ते ‘आत’ म्हणतात आणि तो आशा मावळत चालल्याचे कबूल करतो. एकाच माणसाची ही फाळणी गायकवृंदामुळे थेट कानांना कळते, आणि एकट्याच्या गळ्यातून ती इतकी स्पष्ट झाली असती असे मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘हॉट 100’ यादीत हे गाणे सोळाव्या क्रमांकापर्यंतच गेले, याचे मला आजही वाईट वाटते. याच मंडळींचे, याच विषयावरचे ‘द टिअर्स ऑफ अ क्लाउन’ 1970 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. स्टीव्ही वंडर आणि हँक कॉस्बी यांचे त्याचे संगीत जत्रेसारखे खेळकर आहे आणि ते मलाही मनापासून आवडते. पण तिथला विदूषक संगीताच्या भरात अखेरपर्यंत रंग पुसत नाही, आणि इथला मात्र दुसऱ्याच ओळीपासून तो पुसायला लागलेला असतो.