दुपारी एक ते पाच

नाशकात म्हसरूळहून सिडकोपर्यंत स्कूटरवर कॉम्प्युटरचं कॅबिनेट आणायचं म्हणजे परीक्षाच. त्यात मे महिना आणि द्वारकेची गर्दी. वडील चालवत होते, मागे पोरगा कॅबिनेट मांडीवर धरून बसलेला. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या टेबलावर ते ठेवता ठेवताच वडील म्हणाले, “भाऊ, यातले सगळे गेम काढून टाका. गेमनीच वाट लावलीय मशीनची.” पोरगा काही बोलला नाही. त्याच्या हातात एक शंभर पानी वही होती.

वडील लग्नाचे फोटोग्राफर, अल्बमचं सगळं काम याच मशीनवर. पोराची दहावीची परीक्षा झालेली, निकाल यायचा होता आणि सुट्टीत तो जीटीए फाइव्ह खेळत होता. गेम कधी दहा मिनिटांत बंद पडायचा, कधी दोन तास बिनबोभाट चालायचा. एका दुकानात दोनदा विंडोज टाकून झाली होती. तरी फरक पडला नाही तेव्हा “ग्राफिक्स कार्ड गेलं” असं सांगून २८ हजारांचा आकडा हातात दिला होता.

गेम बंद पडतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं? पूर्ण मशीनच बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल आणि विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ (मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं) एवढीच नोंद असेल, तर मी आधी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, आणि भिंतीतला वीजपुरवठा बघतो. स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरने, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वेळेत उत्तर दिलेलं नसतं; विंडोज साधारण दोन सेकंद वाट बघते आणि ड्रायव्हर नव्याने चालू करते. आणि गेम गपकन नाहीसा होऊन समोर नुसता डेस्कटॉप उरत असेल, तर ती गोष्ट वेगळी. इथे तसंच होत होतं. नोंदीत दरवेळी ‘ॲक्सेस व्हायोलेशन’. म्हणजे प्रोग्रामने मेमरीतल्या अशा पत्त्यावर हात घातला, जो त्याचा नव्हताच. दोष गेमच्या कोडचा असू शकतो, ड्रायव्हरचा असू शकतो, रॅमचाही असू शकतो.

पोराने घरी बरंच काही करून पाहिलं होतं. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकला, ग्राफिक्सचा साठवलेला शेडर कॅशे पुसला, गेमवर दिसणारे ओव्हरले बंद केले. सोळा वर्षांच्या पोराने हे एवढं नीट केलेलं पाहून मला खरंच बरं वाटलं. तो वही उघडून काही दाखवायला लागला, तर मी म्हणालो, “ठेव, आधी मशीन बघू दे.” ही माझी चूक झाली.

कॅबिनेट उघडलं. पाव किलो तरी धूळ निघाली. रॅमच्या चारही स्टिक काढून पिना खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, परत बसवल्या. आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक जुन्या होत्या, दोन वडिलांनी जानेवारीत टाकलेल्या, अल्बमचं सॉफ्टवेअर पळावं म्हणून. दिवसभर एसीत गेम चालवला. पाच तास, एकदाही बंद नाही. ग्राफिक्स कार्ड ७२ अंशांच्या वर गेलं नाही. रात्री पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून दुकान बंद केलं. त्याच्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. सकाळी आलो तर चारही पूर्ण, एकही चूक नाही. धूळ आणि पिनांचा प्रश्न होता असं समजून मी मशीन परत दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोराचा फोन. “काका, परत बंद पडला. वडील चिडलेत.”

मग मी विचारलं, “तुझ्या वहीत काय आहे?”

त्याने वाचायला सुरुवात केली. तारीख, वेळ, गेममध्ये तेव्हा काय चाललं होतं, सगळं लिहिलेलं. जागा दरवेळी वेगळी. कधी गाडीत, कधी मेनूतच. पण वेळा ऐकता ऐकता मी खुर्चीत सरळ बसलो. दीड, पावणेतीन, चार वाजून दहा, दोन, साडेतीन. सकाळची एक नोंद नाही. रात्री दहानंतरची एक नोंद नाही. पुढे तो म्हणाला, “आणि काका, गेमच्या स्टीम ॲपमध्ये फाइल व्हेरिफाय केल्या तर दरवेळी एक-दोन फेल येतात. परत डाउनलोड होतात. पुन्हा केलं की दुसऱ्याच फेल येतात. आमचं नेटच खराब असेल.”

नेट खराब असतं तर तीच फाइल तशीच खराब सापडली असती. डिस्कवर फाइल धड असेल आणि वाचताना वाटेतच बिघडत असेल, तरच दरवेळी वेगळं नाव येतं. आणि ती वाट रॅममधून जाते. मी मशीन घरी जाऊन बघायचं ठरवलं, तेही भर दुपारी.

दिंडोरी रोडवर, म्हसरूळच्या पुढे त्यांचं घर. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखालच्या खोलीत. पंखा गरम हवाच फिरवत होता. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसत होतं: ३९. बारा वाजता मेमटेस्ट लावला. सव्वा वाजता पहिली लाल ओळ आली, म्हणजे पहिली चूक. अडीचपर्यंत ४० ओळी झाल्या. अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांत प्रत्येक ठिकाणी एकाच बिटाचा, म्हणजे एका शून्य-एकचा, फरक होता, आणि प्रत्येक ओळीत तोच बिट.

रॅममधला एकेक बिट म्हणजे अगदी बारीक कपॅसिटरमधला विजेचा भार. तो गळत राहतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. एखादा कपॅसिटर मुळातच कच्चा असेल, तर रात्रीच्या गारव्यात तो तग धरतो आणि मे महिन्याच्या दुपारी हार मानतो. माझ्या दुकानात तो तग धरून होता. घरगुती मशीनमध्ये चूक पकडणारी ईसीसी रॅम सहसा नसते, त्यामुळे एकाचा शून्य झाला तरी कुणी ओरडत नाही. गेम मात्र कित्येक जीबी रॅममध्ये पत्त्यांची जाळी विणून बसलेला असतो. त्यातला एक पत्ता बिघडला की तो जागीच कोसळतो.

हे मी वडिलांना समजावत होतो, आणि बोलता बोलता मलाच धडकी भरली. “भाऊ, कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो याच मशीनवर घेता ना?”

“मग कशावर घेणार?”

“घेतल्यावर कार्ड?”

“फॉरमॅट. परवा पिंपळगावला लग्न आहे, आज रात्री सगळी कार्डं मोकळी करणार आहे.”

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. जो बिट गेमला आडवा येतो, तोच फोटो कॉपी होताना वाटेत येऊ शकतो. विंडोज कॉपी केल्यावर मूळ फाइलशी पुन्हा ताडून बघत नाही. जेपीजीमध्ये एक बिट उलटला तरी तिथून पुढचा अर्धा फोटो राखाडी होऊ शकतो किंवा रंग विस्कटतात. त्यांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, “मार्चमधल्या एका अल्बमला असं झालं होतं. मला वाटलं कार्डच गेलं. नवीन घेतलं.”

माझा लॅपटॉप बॅगेत होता. गेल्या रविवारच्या लग्नाची कार्डं अजून शाबूत होती. त्यांच्या मशीनवरच्या कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर घेण्यात अर्थ नव्हता, तिथे वाटेत तीच रॅम. म्हणून मशीनमधलीच डिस्क काढून लॅपटॉपला लावली आणि कार्डावरच्या व डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा, काढून जुळवला. १,८४० पैकी तीन जुळल्या नाहीत. त्यातला एक सप्तपदीचा. वडील नुसते बघत राहिले. मग उठून कार्डांची डबी पोराच्या हातात दिली आणि म्हणाले, “हे तू सांभाळ. तू सांगितल्याशिवाय कुठलं कार्ड पुसायचं नाही.”

आधीच्या महिन्यांच्या लग्नांची कार्डं केव्हाच पुसलेली होती. ते फोटो एकेक उघडून बघावे लागले, नजरेला दिसेल तेवढं नुकसान मोजत. ११ सापडले. बहुतेकांच्या पुढे-मागे त्याच क्षणाचा दुसरा फोटो होता. दोन फोटोंच्या नव्हता. डोळ्यांना न दिसणारा एखादा डाग आणखी कुठे असेल, तर तो मी शोधू शकलो नाही, आणि हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

स्टिक ओळखायला आणखी एक दुपार गेली. दोन चॅनलमध्ये पत्ते आलटून-पालटून वाटलेले असतात, त्यामुळे चुकीच्या पत्त्यावरून स्टिक कळत नाही; एकेक लावूनच बघावी लागते. आधी एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून वेग ३२०० वरून २४०० वर आणला. लाल ओळी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग स्टिक काढत गेलो. जानेवारीतल्या दोनपैकी एक निघाली, ग्राफिक्स कार्डाच्या सर्वांत जवळच्या खाचेतली. वॉरंटीत होती, बदलून मिळाली. ग्राफिक्स कार्ड अजून तेच आहे.

पिंपळगावच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रात्री अकराला पोराचा फोन आला. मागे वडिलांचा आवाज येत होता, “सांग त्यांना, सांग.”

“काका, २,१०६ फाइल. सगळ्या जुळल्या. आता कार्डं पुसू का?”

म्हटलं, “एकदा अजून जुळव. मग पूस.”