डिशच्या दांड्याला येणाऱ्या मुंग्या

गेली अठरा वर्षे मी धुळे शहरात राहून आसपासच्या तालुक्यांमध्ये होम थिएटर बसवण्याचे काम करतो. गेल्या मे महिन्यात शिंदखेडा तालुक्यातील एका कापूस उत्पादक शेतकऱ्याच्या घरून मला बोलावणे आले. गावात त्यांना सारे आप्पा म्हणतात. त्यांनी ५.१चा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर असलेला संच आधीच दुसऱ्या कुणाकडून बसवून घेतला होता आणि तक्रार एकच होती : सबवूफरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतो आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तो थांबत नाही.

अशी घरघर ही बहुधा आपल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या कंपनांचीच असते. एखाद्या केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीतून नको असलेला प्रवाह वाहू लागला की तो आवाजात मिसळतो. अशा वेळी एकेक केबल काढून कोणती काढल्यावर आवाज बंद पडतो ते पाहायचे, असा आमचा शिरस्ता आहे. मी त्याच तयारीत असताना आप्पांच्या आई चहा घेऊन आल्या. त्या सकाळपासून गच्चीवर बिबड्या वाळत घालत होत्या. मी टीव्हीवाला आहे असे समजून त्या सहज म्हणाल्या, "भाऊ, गच्चीवर डिशना दांडाले हात लाया का मुंग्या येतस."

रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो डबा, तसाच सोडून मी आधी भिंतीतल्या सॉकेटकडे वळलो. मल्टिमीटर लावला तेव्हा फेज आणि न्यूट्रल यांच्यात २०४ व्होल्ट, फेज आणि अर्थिंग यांच्यातही २०४ आणि न्यूट्रल-अर्थिंग यांच्यात शून्य दिसले. हे शून्य पाहून अनेकांना समाधान वाटते, पण मला त्यानेच धास्ती वाटली. शेजारच्या खोलीत दीड टनाचा एसी चालू असताना न्यूट्रलच्या तारेवर थोडा तरी विजेचा दाब (व्होल्टेज) येतोच आणि खऱ्या अर्थिंगशी तुलना केल्यास एखादा-दुसरा व्होल्ट दिसायला हवा. तो अजिबात दिसत नाही, याचा अर्थ दोन्ही तारा तिथेच एकमेकींना जोडलेल्या असाव्यात.

अंगणातील बोअरच्या, जमिनीत खोल गेलेल्या लोखंडी केसिंगला लांब वायर बांधून तिचे दुसरे टोक घरात आणले आणि केसिंग व सॉकेटमधील अर्थिंग यांच्यात मोजले. एसी बंद असताना ४ व्होल्ट होते आणि एसी चालू करताच ते २६ झाले. मी लगेच मेन स्विच पाडला, गच्चीवर कुणीही जाऊ नये असे सांगितले आणि सॉकेट उघडले. आत न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिना वायरच्या बोटभर तुकड्याने जोडल्या होत्या. त्या घराला अर्थिंगचा खड्डाच नव्हता. संच बसवताना रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असाव्यात आणि त्या थांबवण्यासाठी आधीच्या माणसाने हा उपाय केला असावा.

या उपायाइतका घातक उपाय आमच्या धंद्यात दुसरा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा जोडणीत मागे कुठे न्यूट्रल तुटला तर चालू असलेल्या उपकरणातून फेजचा पूर्ण दाब रिसीव्हरच्या पत्र्यावर येतो, आणि एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडत नाही, कारण तो फक्त जास्त भार किंवा शॉर्टसर्किट ओळखतो. आप्पांच्या घरी न्यूट्रल तुटण्याच्या बेतातच होता. मेन स्विचमधला त्याचा स्क्रू ढिला पडून वायरचे आवरण वितळले होते. एसी सुरू झाला की दिवे मंदावतात, हे घरच्यांच्या लक्षात आले होते, परंतु उन्हाळ्यात व्होल्टेज कमीच असते असे समजून त्यांनी स्टॅबिलायझर आणला होता.

गच्चीपर्यंतची वाटही सापडली. रिसीव्हरच्या पत्र्यावरचा दाब एचडीएमआय केबलच्या जाळीतून सेट-टॉप बॉक्सवर आणि तिथून डिशच्या केबलच्या जाळीतून वर गेला होता. वर केबलला दिलेल्या जोडावरची टेप उन्हाने गळून पडली होती आणि उघडी जाळी दांड्याला टेकली होती. स्लॅब थंड व्हावा म्हणून आजी रोज संध्याकाळी तिथे पाणी मारत आणि अनवाणीच वावरत. त्यांना येणाऱ्या मुंग्या आणि सबवूफरची घरघर या दोन्हींच्या मागे एकच प्रवाह होता.

पुढचे काम मी परवानाधारक वायरमनला सोबत घेऊनच केले. त्यांनी न्यूट्रलचे जळके टोक कापून नव्याने कसले, अंगणात तीन मीटरचा अर्थिंगचा रॉड ठोकला, तिथून प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी वायर नेली आणि जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. कपाशीची काळी जमीन मे महिन्यात भेगाळते आणि मातीची रॉडवरची पकड सुटते, म्हणून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा खड्ड्यात पाणी घालायला सांगितले. मी डिशची केबल बदलली. एसी चालू ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा न्यूट्रल-अर्थिंगमध्ये १.३ व्होल्ट दिसले.

त्यानंतरच मी स्पीकरकडे पाहिले. पुढचे दोन स्पीकर बसायच्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांवर आणि मागचे साधारण ११० अंशांवर आणले. एका स्पीकरच्या वायरची सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकू पाहत होती, तिला पीळ देऊन आत बसवले. ती टेकली असती तर रिसीव्हरमधला अ‍ॅम्प्लिफायर जळू शकला असता. बंद कपाटात कोंबलेला रिसीव्हरही बाहेर काढून त्याच्यावर वीतभर जागा मोकळी ठेवली, कारण ४३ अंशांच्या उन्हाळ्यात त्याची उष्णता बाहेर पडायला वाट हवीच. संच चालू केला तेव्हा सबवूफर गप्प होता.

निघताना आजींना घेऊन मी गच्चीवर गेलो आणि आधी स्वतः दांडा धरून दाखवला. त्यांनी मात्र मीटरचा आकडा पाहिल्यावरच हात लावला.