गालावरची शेवई

ब्रेमेनला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. डब्यात पोहे होते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच मला आठ जणांसमोर माझ्या कामाबद्दल बोलायचं होतं, तेही जर्मनमध्ये. रात्रभर पाठांतर केलं होतं. दुसऱ्याच वाक्याला समोरच्या बाईंनी स्वतःच्या गालाला बोट लावलं. मला वाटलं, शब्दाचं लिंग चुकलं असणार. मराठीसारखी यांचीही तीन लिंगं, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मी वाक्य सुधारून पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा बोट लावलं, तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं निसटणार या भीतीने मी हात वर केला आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "कृपया, आता काही बोलू नका."

क्षणभर शांतता. मग आठच्या आठ जण असे हसले की एकाने चष्मा काढून डोळे पुसले. मी रडायची बाकी होते. नंतर आरशात पाहिलं तर हनुवटीच्या वर, गालावर, कोथिंबिरीचं पान.

जर्मन माणसाला विनोद कळत नाही, हे इथे येण्याआधी मला किमान दहा जणांनी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी बोट लावणाऱ्या बाईंनीच एक जुनी चित्रफीत पाठवली, 1977 सालची. इटालियन हॉटेलात एक प्रौढ गृहस्थ हिल्डेगार्ड नावाच्या बाईंना लग्नाची मागणी घालतोय. तो रुमालाने तोंड पुसतो आणि एक शेवई (नूडल, पण शेवईच म्हणू या) त्याच्या चेहऱ्यावर चिकटून राहते. कधी ओठाजवळ, कधी नाकावर, कधी कपाळावर, कधी बोटावर. हिल्डेगार्ड सांगू पाहते आणि तो दर वेळी भारावून म्हणतो, "आता काही बोलू नका, हिल्डेगार्ड." 'नकोस' नव्हे, 'नका'. लग्न करायला निघालाय, पण अजून अहोजाहोवरच आहे! शेवटी शेवई कॉफीच्या कपात सापडते आणि साहेब वेटरवर चिडतात.

म्हणजे मी नकळत या देशातला घराघरांत माहितीचा संवाद ऐन जागी टाकला होता. त्या दिवसापासून ऑफिसात माझं बस्तान बसलं, यात माझ्या जर्मनचं कर्तृत्व शून्य.

तो गृहस्थ रंगवणारा विनोदकार म्हणजे लोरिओ. खरं नाव विको फॉन ब्यूलो. (आपल्या वज्रदंतीशी संबंध नाही, मीही आधी तेच म्हटलं.) जन्म 12 नोव्हेंबर 1923, ब्रांडेनबुर्ग आन डेर हाफेल या गावी, जुन्या सरदार घराण्यात. घराण्याच्या चिन्हावर हळद्या पक्षी होता. त्याचं फ्रेंच नाव लोरिओ, तेच त्याने सहीसाठी घेतलं. आई लहानपणीच गेली. वाढवलं आजी आणि पणजीने. तरुणपणी तीन वर्षं रशियाच्या आघाडीवर. धाकटा भाऊ युद्धाच्या अखेरच्या आठवड्यांत मारला गेला. युद्ध संपल्यावर हा जंगलात लाकडं तोडत होता, मग हँबुर्गला चित्रकला शिकला. पडद्यावर नेहमी नीट टाय बांधलेला, आवाज कधी न चढवणारा हा माणूस कुठून आला ते कळल्यावर मला त्याच्या सभ्यपणाकडे जरा निराळं बघावंसं वाटलं.

सुरुवात व्यंगचित्रांनी झाली. 1953 मध्ये 'श्टेर्न' साप्ताहिकात त्याची एक मालिका आली, तीत कुत्रे घरचे मालक आणि माणसं त्यांची पाळीव. वाचक असे खवळले की संपादकांना ती बंद करावी लागली. पुढच्याच वर्षी झुरिकच्या डिओगेनेस प्रकाशनाने ती पुस्तक म्हणून काढली. टीव्हीवर तो 1967 पासून, श्टुटगार्टच्या वाहिनीवर. पण ज्यासाठी लोक त्याला आठवतात ते काम आमच्या ब्रेमेनचं, राडिओ ब्रेमेन या चिमुकल्या केंद्राचं: 1976 ते 1978, फक्त सहा भाग. सहा! आपल्याकडे सहा भागांत मालिकेतली सून अजून उंबरठ्यावरचं मापही ओलांडत नाही.

या सहा भागांत हसवण्यासाठी कुणी वेडंवाकडं तोंड करत नाही. माणसं कमालीची सभ्य असतात आणि त्या सभ्यपणातच गुदमरतात. हॉटेलच्या एकाच टबात दोन अनोळखी नागडे गृहस्थ बसलेत आणि एकमेकांना "हेर" (म्हणजे श्रीयुत) लावून आडनावाने हाक मारत वाद घालताहेत. पाणी सोडायचं का? रबरी बदक टबात घ्यायचं की नाही? "बदक बाहेरच राहणार!" दुसरीकडे एका पाहुण्याला दिवाणखान्यात थांबायला सांगतात. भिंतीवरचं चित्र जरा तिरकं दिसतं, तो उठून ते सरळ करायला जातो आणि काही मिनिटांत खोलीचा उकिरडा होतो. मोलकरीण आल्यावर तो फक्त एवढंच सांगतो की चित्र तिरकं आहे.

माझं सगळ्यात आवडतं मात्र उकडलेल्या अंड्याचं. नवरा म्हणतो, अंडं कडक झालंय. किती वेळ उकडलंस? घड्याळ लावून साडेचार मिनिटं? बायको म्हणते, ते मला अंदाजाने कळतं. तो विचारतो, अंदाजाने काय कळतं? मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुण्यात आईला फोन लावून आमटीत चिंच किती घालायची ते विचारत होते. उत्तर आलं, "अंदाजाने घाल गं, त्यात काय!" मी लोरिओसारखंच विचारलं, अंदाज म्हणजे किती चमचे? फोन ठेवला गेला.

बायकोच्या भूमिकांत बहुतेक वेळा एवेलीन हामान. उंच, लांब चेहऱ्याची, जगातली कुठलीही गोष्ट बातम्या वाचल्यासारखी सांगणारी. एका प्रवेशात तिला इंग्रजी मालिकेचं कथासूत्र सांगायचं असतं आणि नावांतल्या 'थ'मध्ये तिची जीभ अशी अडकते की बाकीचे शब्दही वाकडे होतात. माझ्या मते अर्धं श्रेय तिचं. लोरिओने पुढे दोन सिनेमे केले, 1988 आणि 1991 मध्ये; लोक त्यांचे गोडवे गातात, मला ते पाणी घातलेल्या ताकासारखे वाटले. हा माणूस पाच मिनिटांचा.

पाच मिनिटांतली एक उवेचीही. एका प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञाची नक्कल करत त्याने 'दगडउवे'ची माहिती दिली, दगड खाणारा सूक्ष्म जीव म्हणून. 1983 मध्ये प्शिरेंबेल या जाडजूड वैद्यकीय शब्दकोशात तिची रीतसर नोंद आली, लॅटिन नावासकट. पुढे 1994 च्या आवृत्तीतून ती काढली, वाचकांनी निषेध केला, आणि 1997 मध्ये उवेची सन्मानाने घरवापसी. विनोद न कळणारे लोक म्हणे!

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. सहा वर्षं झाली, अजून आम्ही एकमेकींना आडनावाने आणि अहोजाहोनेच बोलतो. पहिल्या नाताळात, 24 डिसेंबरला, त्यांनी जेवायला बोलावलं. मला वाटलं मेजवानी असेल; इथल्या पद्धतीप्रमाणे बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज निघालं. मग टीव्हीवर होपेनश्टेट कुटुंबाचा नाताळ, दरवर्षी लागतो तो. नातवंडाला खेळण्यातली अणुभट्टी भेट मिळते आणि तिचा स्फोट होतो. आजोबा झाडाकडे बघत तक्रार करतात, "पूर्वी लामेटा जास्त असायचा." लामेटा म्हणजे झाडावर सोडायच्या चंदेरी झिरमिळ्या. आजी हे वाक्य आजोबांच्या अर्धा सेकंद आधी म्हणाल्या. इथे पगार, पाऊस, पावाचा आकार, कशाचीही कुरकुर करायची तर हेच वाक्य. टीशर्टावर ते छापल्यावरून खटला झाला आणि 2019 मध्ये म्युनिकच्या वरच्या न्यायालयाने सांगितलं की एवढ्याशा वाक्यावर वारसांना हक्क सांगता येणार नाही.

हामान 2007 मध्ये गेली, लोरिओपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. टीव्हीवर तिला निरोप देताना तो एवढंच म्हणाला की एवेलीन, तुझं टायमिंग नेहमी अचूक असायचं, फक्त आज तू क्रम पाळला नाहीस. आणि शेवटी, "ना वार्टे." थांब, बघतोच तुला. चार वर्षांनी, 22 ऑगस्ट 2011 ला, श्टार्नबेर्ग तळ्याकाठी तोही गेला.

मागच्या उन्हाळ्यात बर्लिनला जाताना आजींनी माझ्या हातात पिवळं रबरी बदक ठेवलं. हेअरश्ट्रासेच्या दफनभूमीत लोरिओच्या थडग्यावर लोक बदकं ठेवतात. मी आजींचं बदक बाकीच्यांच्या शेजारी ठेवलं. टाय लावलेले एक म्हातारे गृहस्थ तिथे आधीच उभे होते. रांगेतलं एक बदक जरासं तिरकं होतं. ते माझ्याकडे बघून "माफ करा" म्हणाले आणि ते सरळ करायला वाकले.

मी दोन पावलं मागे सरकले.